चौदा नंबरचा डबा

खोटं लिहिलंत तुम्ही, प्राचार्यसाहेब. "सर्व विद्यार्थिनींना मानसिक प्रथमोपचार देण्यात आला," असं अहवालात लिहून खाली सही ठोकलीत. कुणी दिला? कधी? मी तुमच्या फाटकावर दिवसातनं दोनदा पोरींच्या जेवणाचे डबे घेऊन उभा असायचो. मला तर देणारं कुणी दिसलं नाही.

दुसऱ्या लाटेतली गोष्ट. आमच्या जुन्नर तालुक्यातल्या तुमच्या नर्सिंग शाळेतल्या बावीस पोरी तुम्ही आवारातल्याच कोविड सेंटरवर लावल्या. फाटकाला कुलूप घातलंत आणि भिंतीवर त्या मानसिक प्रथमोपचाराचा कागद चिकटवलात: पाहा, ऐका, जोडून द्या. सोबत दहा प्रश्नांचा फॉर्म. झोप लागते का, भूक लागते का. हो किंवा नाही.

माझ्या डब्यांच्या झाकणांवर ऑइलपेंटनं नंबर घातलेले. त्यातला चौदा नंबर परत यायचा तो जडच. उघडावा तर भाजी-चपाती जशीच्या तशी. एक दिवस, दोन दिवस, चार दिवस. मला एक खोड आहे, गोष्ट कळल्याशिवाय बरं वाटत नाही. बोरी बुद्रुकची ठकूबाई माझ्याकडं स्वयंपाक करते. ती म्हणाली, "माज्या हाताला नावं ठेवती का काय ही बया?"

मी डब्यात चिठ्ठी टाकली: तिखट लागतंय का? संध्याकाळी उत्तर आलं: "नाही. जेवण छान होतं." चपातीची घडीसुद्धा मोडलेली नव्हती. न चाखता छान? आता तर मला चैनच पडेना.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, डबे घ्यायला फाटकाच्या खिडकीपाशी सफा आली. जुन्नरचीच पोर, तोंडानं फटकळ. तिला विचारलं, "चौदा नंबर कोण गं?"

"संस्कृती. माझ्याच खोलीतली. आणि भाऊ, चिठ्ठ्या कसल्या टाकता? पोरींना वाटलं प्रेमपत्र."

"मग ती जेवत का नाही?"

सफाचं हसू गेलं. तिनं सांगितलं ते असं. आहुप्याची अंबाबाई नावाची म्हातारी नऊ दिवस वॉर्डात होती. संस्कृतीच्याच हातून पेज घ्यायची, दुसऱ्या कुणी चमचा नेला की तोंड मिटायची. दहाव्या सकाळी दोन चमचे घेतले. तिसरा तोंडाशी नेला तर म्हातारी गेलेली. तेव्हापासून संस्कृतीच्या घशाखाली घास उतरेना. काल वॉर्डात चक्कर येऊन पडली.

"वर सांगितलं नाही का?"

"सांगितलं. म्हणाले, फॉर्मात भूक लागते असं लिहिलंय की तिनं."

"पण खोटं कशाला लिहिलं?"

"खरं लिहिलं की 'अयोग्य' शेरा मारून घरी पाठवतात, राव. वर्ष जातं. शनिवारी ड्यूटीवर उभी राहिली नाही तर पाठवणारच आहेत."

मी येऊन हे सांगितलं तशी ठकूबाईनं लाटणं खाली ठेवलं. "तिचं मानूस मेलंय आन् तू तिला फ्लॉवर घालतुयास? कडू घास नेला का कुनी?"

आमच्याकडं मयताच्या घरी चूल पेटत नाही. शेजारपाजारचे पिठलं-भाकरी नेतात आणि दुःखातल्या माणसाला पहिला घास बळंच घ्यायला लावतात. तोच कडू घास.

"पण मावशी, म्हातारी तिची कोण?"

"नऊ दिस भरवलं, तरी कोनच न्हाई? शाना हायेस."

शुक्रवारी दुपारी ठकूबाई बारा भाकरी बांधून टेम्पोत बसली. सफानं संस्कृतीला दंडाला धरून खिडकीशी आणलं. काटकुळी पोर, डोळे खोल गेलेले. म्हणाली, "मावशी, आजी माझी कुणी नव्हती."

"मी कुठं इचारलं? तू घेतल्याबिगर मी हालनार न्हाई. घे."

घास हातात धरून ती त्याच्याकडं बघत राहिली. मीही श्वास धरून बघत राहिलो, की आता हिच्या घशाला काय होतं? तिनं तो तोंडात घातला. किती वेळ चावला कोण जाणे. मग गिळला, आणि भिंतीला टेकून अशी रडली की मला दुसरीकडं बघावं लागलं. रडता रडताच तिनं दुसऱ्या घासाला हात पुढं केला.

त्या हाताशेजारी सफाचा हात आला. "मला पण द्या मावशी. आमच्यात पण चूल बंद ठेवतात. माझ्या हातातले दोन पेशंट गेलेत."

मागून आणखी एकीचा हात आला. "माझे चार." ही आरती, डिंभ्याची. मग पोरी येतच राहिल्या. आकडा सांगायच्या आणि घास घ्यायच्या. बारा भाकरी पुरल्या नाहीत. ठकूबाई रिकामं फडकं झटकत म्हणाली, "उद्या पीठ जादा मळते गं बायांनो."

शनिवारी संस्कृती ड्यूटीवर उभी राहिली. चौदा नंबर हलका आला, धुऊन आला. आणि त्याच सांजेला तुमचा कागद आला: फाटकावर गर्दी जमवल्याबद्दल डबे बंद.

डबे बंद केलेत, ते राहू द्या. पण माझी खोड तुम्हाला आता कळली आहे. दहा प्रश्न छापलेत, त्यात 'तुझं कोण गेलं?' हा एक का नव्हता? कागदावर जागा नव्हती, की उत्तर ऐकायची छाती नव्हती? त्याच सहीनिशी लेखी कळवा.