पोलिशवाल्याच्या उशाशी असलेली खुंटी

मी एक जुनी सागवानी खुंटी आहे. मित्रांनो, मला पाहून कुणी हरखून जात नाही, हे मला ठाऊक आहे. एका सुताराने उरलेल्या तुकड्यातून मला घडवलं आणि फर्निचरला पोलिश करणाऱ्या आपल्या दोस्ताला लग्नात भेट म्हणून दिलं. त्याने मला पलंगाच्या उशाशी ठोकलं. संध्याकाळी घरी आला की तो कामाचा डगला माझ्यावर अडकवायचा. बाहेर ठेवलेला एक डगला चोरीला गेला होता, तेव्हापासून त्याने धास्ती घेतली होती. "खुंटी कसली, पहारेकरीच आहे माझी!" असं तो म्हणाला की मला कोण अभिमान वाटायचा.

गेल्या वर्षी त्याला स्प्रे पोलिशची मोठी कामं मिळाली आणि डगला पोलिश पातळ करायच्या थिनरने भिजून येऊ लागला. वास उग्र होता, पण आठवडाभरात त्याचं आणि त्याच्या बायकोचं नाक त्याला सरावलं.

त्याची बायको शाळेची बस चालवते. तिची झोप उडाली. आधी तिचा चहा बंद झाला, मग मोबाइल, मग नवी गादी आली. रस्त्याच्या आवाजाचा त्रास नको म्हणून त्यांनी खिडक्याही घट्ट लावल्या. मीसुद्धा गादीलाच नावं ठेवत होते.

एके दुपारी ती घरी आली ती पलंगावर मटकन बसली. "आज सिग्नलला माझा डोळा लागला. मागे बत्तीस पोरं होती. मी आता बस चालवणार नाही," म्हणाली आणि ढसाढसा रडली.

"चार दिवस बहिणीकडे जाऊन ये. मग बघू," तो म्हणाला.

तिकडे ती पहिल्याच रात्री गाढ झोपली. परत आली ती धाकट्या बहिणीला घेऊनच. बहीण खोलीच्या दारातच थबकली.

"दाजी, या वासात तुम्ही झोपता तरी कसे?"

"कसला वास?" म्हणत त्याने डगला नाकाशी नेला आणि त्याचं तोंड एवढंसं झालं. "म्हणजे तुझी झोप मीच घालवली होय गं?"

"तू कशाला? त्या डगल्याने," बायको म्हणाली.

शरमेने मला मान वर करवेना. त्याने मला उपटलं तेव्हा वाटलं, गेले मी कचऱ्यात. पण त्याने मला दाराबाहेर ठोकलं, डगला अडकवला आणि म्हणाला, "नेला कुणी तर नेऊ दे." मग त्याने खिडक्या सताड उघडल्या.

पुढच्या रविवारी ऊन अंगणात आलं तरी ती उठली नाही. दूधवाल्याने घंटीकडे हात नेला, तेवढ्यात पोलिशवाला धावत आला. "हळू रे बाबा, झोपलीय ती." तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. सोमवारी ती बस घेऊन निघाली.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणी रसायनांत काम करत असेल, तर त्याच्यासाठी दाराबाहेर एक खुंटी ठोका. आणि घरात कुणाला झोप येईनाशी झाली, तर त्या माणसाला बोल लावण्याआधी एखाद्या पाहुण्याला खोलीत बोलवा आणि विचारा, "इथे कसला वास येतोय का हो?"