हा हत्ती कोणी केला?

मित्रांनो, मी एक जुना लढाऊ हत्ती आहे. हसू नका. उंचीने मी तुमच्या मधल्या बोटाएवढा असेन, पण माझ्या पाठीवर हौदा आहे, हौद्यात भालदार आहे आणि माझी सोंड वर उचललेली आहे. ज्यांना मी खेळणे वाटतो, त्यांनी एकदा खाली वाकून, माझ्या डोळ्यांना डोळे लावून पाहावे आणि मग बोलावे.

मला राग आलेला आहे, हे आधीच सांगतो. तो का आला, ते कळायला माझी सगळी हकीकत ऐकावी लागेल.

माझा पहिला जन्म मिरवण्यासारखा नाही. बहिरमच्या यात्रेत मी एका दुकानात दोरीला टांगलेला होतो. राखाडी प्लास्टिकचा, आतून पोकळ. एकाच साच्यातून माझ्यासारखे ढिगाने निघाले होते. सगळ्यांची सोंड खाली आणि सगळ्यांच्या तोंडावर तेच बावळट हसू. वलगावचे देवराव यात्रेला आले होते. त्यांचे फुलांचे आणि भाजीपाल्याचे वावर आहे. त्यांनी मला आपल्या लहानग्या लेकीसाठी, रागिणीसाठी घेतले. ती माझ्याशी खेळली, मला चावली, मोठी झाली आणि मला विसरली. मग मी वावरातल्या पाण्याच्या मोटारीच्या खोलीत, खिळ्यांच्या डब्यामागे पडून राहिलो. माझ्या पोटात कुंभारीण माशीने मातीचे घर केले. त्याचा मला राग नाही. मुले मोठी होतात, तेव्हा असेच होते.

रागिणी शिकली आणि अमरावतीत दातांच्या लॅबमध्ये कामाला लागली. दवाखान्यांतून तोंडाची मापे येतात आणि तिथे कवळ्या तयार होतात. मेण कोरायचे, घासायचे, एकेका दाताला आकार द्यायचा, हे तिचे रोजचे काम. तिचा कॉलेजातला मित्र गजेंद्र तिला एकदा राजापेठेत एका दुकानाच्या वरच्या खोलीत घेऊन गेला. तिथे काही मुले-मुली रविवारी जमत आणि टेबलावर लढाया खेळत. मोठ्या टेबलावर हिरवे कापड, थर्माकोलच्या टेकड्या, दोन्ही बाजूंना पेरभर उंचीच्या सैनिकांच्या फौजा. टेपने अंतर मोजून सैनिक पुढे सरकवायचे आणि फासे टाकून कोण पडले, कोण टिकले ते ठरवायचे. कोणाकडे बाहेरून मागवलेल्या, डब्यातून आलेल्या तयार पलटणी होत्या. गजेंद्रची फौज तशीच होती, फार देखणी.

रागिणीने सगळे पाहिले आणि ती म्हणाली, "चांगले हायेत, पण सारे एकसारखे दिसून राहिले. मी माही फौज मीच करीन."

तिने गाविलगडाच्या वाटेने निघालेली फौज मनात आणली. सैनिकांची अंगे तारेवर मेण आणि भेगा बुजवायची लांबी चढवून केली. खराट्याच्या काड्यांचे भाले झाले, संपलेल्या रिफिलच्या बंदुका झाल्या, जुन्या दप्तराच्या चेनचे दात सुटे करून चिलखते झाली. आणि फौजेच्या आघाडीला हत्ती हवा म्हणून ती मोटारीच्या खोलीत आली आणि खिळ्यांच्या डब्यामागून तिने मला काढले.

मित्रांनो, नवा जन्म म्हणजे काय असते, ते मी सांगतो. तिने पाते गरम करून माझी सोंड मुळापासून कापली आणि उलटी फिरवून वर बसवली. ते बावळट हसू घासून टाकले. औषधाच्या गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटांच्या चंदेरी कागदातून माझे कान झाले. तो कागद तिने नखाने चुरगाळून पुन्हा इतका हळू सरळ केला की त्यावर खऱ्या हत्तीच्या कानासारख्या सुरकुत्या उमटल्या. संत्र्याच्या पेटीची पट्टी चिरून हौदा केला. सुळ्यांसाठी लॅबमधल्या मॅडमना विचारून तिने कवळीच्या दातांचा उरलेला मसाला आणला. अमरावतीतल्या कितीतरी आजोबांच्या तोंडात आणि माझ्या तोंडात एकच माल आहे, याचा मला आजही अभिमान वाटतो.

रविवारी दुपारी ती खिडकीपाशी बसे आणि तिची आई पार्वताबाई ये-जा करताना बोलत असे. "एवढी मोठी पोरगी अन् खेळन्यायशी खेळून राहिली. लोकं काय म्हनतीन?" रागिणी मान वर न करता म्हणायची, "आई, उजेडातून सरक ना." पार्वताबाई सरकायच्या. पण जाता जाता माझ्याकडे असे पाहायच्या, की जणू मी त्यांच्या लेकीला नादाला लावले आहे. मला वाईट वाटे.

राजापेठेत मात्र माझे दिवस उजाडले. मी टेबलावर आलो की लोक फासे टाकायचे थांबत. समोरच्या तयार फौजेतले सैनिक चकचकीत होते, पण त्यांच्याकडे पाहून कोणी खाली वाकत नसे. माझ्याकडे पाहून वाकत. गजेंद्रच सगळ्यात जास्त वाकायचा. "रागिणी, याचे कान पाहून मले झोप नाही येत," असे तो म्हणाला होता. तेव्हा मला तो फार आवडला होता.

मग अकोल्याचे ठरले. तिथे एका सभागृहात अशा लढायांची मोठी स्पर्धा होती आणि हाताने घडवलेल्या सैनिकांसाठी वेगळे बक्षीस होते. रागिणी त्या बक्षिसाची वाट पाहत होती. पण स्पर्धा आली नेमकी दसऱ्याच्या तोंडावर. फुलांच्या घरात दसरा म्हणजे काय, हे वलगावात कोणाला सांगावे लागत नाही. सगळे वावर झेंडूने पिवळे झालेले, देवराव आणि पार्वताबाई पहाटेपासून वाफ्यात, माणसे मिळत नाहीत. रागिणीने स्वतःच सांगितले, "मी नाही जात. गजेंद्र घेऊन जाईन. माह्या नावानं ठेवीन तो." तिने मला कापसात गुंडाळून त्याच्या हातात दिले. "जपून नेजो," म्हणाली. तो म्हणाला, "अवं, माह्या जिवापेक्षा जपतो."

कसे जपले, ते ऐका. बडनेऱ्याला गाडीत बसल्यावर त्याची स्वतःची पलटण स्पंजच्या पेटीत, मांडीवर. मी पिशवीत, पाण्याच्या बाटलीखाली. मूर्तिजापूर आले तेव्हा जागा करण्यासाठी कोणीतरी पिशवी पायाने सरकवली आणि माझा डावा सुळा मोडला. अकोल्यात उतरल्यावर त्याने तो झटपट चिकटणाऱ्या गोंदाने जोडला. तिरपा जोडला. गोंदाचा थेंब गालावर ओघळून तसाच वाळला.

तरीही मी सभागृहात मान ताठ ठेवून उभा राहिलो. माझ्यासमोर एक पाटी ठेवली गेली. मला वाटले, आता रागिणीचे नाव येईल. आले गजेंद्रचे.

मी काय करू शकत होतो? मला सोंड आहे, पण ओरडता येत नाही.

परीक्षक आशाबाई म्हणून होत्या, चित्रकलेच्या निवृत्त शिक्षिका. त्या खाली वाकल्या, अगदी माझ्या डोळ्यांपर्यंत. बराच वेळ पाहिल्यावर त्यांनी विचारले, "बेटा, हा हत्ती कोणी केला?"

गजेंद्रने इकडेतिकडे पाहिले. "मीच केला, मॅडम."

"आणि हे कान कशाचे आहेत?"

"ते... पत्र्याचे."

पत्र्याचे! मित्रांनो, ज्या कानांनी त्याची झोप उडवली होती, ते कशाचे आहेत हे त्याने कधी विचारलेसुद्धा नव्हते. आशाबाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिले. आणखी एक प्रश्न त्यांनी विचारला असता, तर सगळे उघडे पडले असते. पण पुढच्या टेबलावरून त्यांना हाक आली आणि त्या गेल्या. बक्षीस मला मिळाले. ढाल गजेंद्रला मिळाली. टाळ्या वाजल्या, फोटो निघाले. नावात गज आहे म्हणून कोणी हत्तीचा धनी होत नाही, हे त्या भरल्या सभागृहात एकट्या मलाच ठाऊक होते.

पुढचे मला नंतर समजले. झेंडूच्या ढिगापाशी बसून रागिणीने फोनवर तो फोटो पाहिला, खाली लिहिलेले नाव वाचले आणि फोन ठेवून ती पुन्हा फुले तोडायला लागली. दसऱ्याच्या दिवशी मात्र तिने पुरणपोळीला हात लावला नाही, तेव्हा पार्वताबाईंनी तिला कोपऱ्यात घेतले आणि तिच्या तोंडून सगळे काढून घेतले.

दसऱ्यानंतरच्या रविवारी राजापेठेतल्या खोलीत रागिणी आली, तेव्हा मागोमाग पार्वताबाईही जिना चढून आल्या. सगळ्यांनी फासे खाली ठेवले. मी टेबलावरच होतो.

"काकू, बसा ना," गजेंद्र म्हणाला.

"बसाले नाही आली मी. हा हत्ती कोनं केला?"

"रागिणीनंच केला, काकू. मी कुठं नाही म्हनतो?"

"अन् अकोल्यात कोनं केला होता?"

गजेंद्र खाली पाहू लागला. "तिथं एकाचंच नाव लिहा लागत होतं, काकू. रागिणी हजर नव्हती. अन् क्लबचंच नाव झालं ना शेवटी."

"ती काहून हजर नव्हती, माहीत हाय ना तुले? वावरात झेंडू तोडून राहिली होती. तुह्या घरच्या दारावर दसऱ्याले तोरण लागलं असन, त्याची फुलं तिनंच तोडली असतीन. मंग त्याच्यावरही टाकून दे तुहं नाव!"

मित्रांनो, उजेड अडवणाऱ्या त्याच पार्वताबाई! मला वाटले, माझ्या पाठीवरचा भालदार उठून उभा राहील.

रागिणीने आईच्या खांद्यावर हात ठेवला. "आई, मले बोलू दे." मग ती गजेंद्रकडे वळली. तिचा आवाज चढलेला नव्हता. "तू मले विचारलं असतं ना, का दोघायचं नाव लिहू का, तर मी कदाचित हो म्हनलं असतं. तू विचारलंच नाही. आता लाव फोन. इथंच, सगळ्यायसमोर. अन् सांग अकोलेवाल्यायले."

त्याने फोन लावला. सांगितले. अडखळत का होईना, खरे सांगितले. पलीकडून संयोजकांचा आवाज सगळ्यांना ऐकू आला. "निकाल लागला आहे. आता काही बदलता येत नाही. तुम्ही आपसात मिटवून घ्या."

आपसात! माझे सगळे अंग पेटले. चोरी चारचौघांत झाली, टाळ्या चारचौघांत वाजल्या आणि खरे मात्र आपसात मिटवायचे! नाव चुकीचे छापायला एक पाटी पुरली. ते दुरुस्त करायला यांच्याकडे दुसरी पाटी नव्हती काय?

गजेंद्रने ढाल आणून रागिणीपुढे ठेवली. "घे. तुहीच आहे."

तिने ती पालथी करून पाहिली आणि परत त्याच्याकडे सरकवली. "याच्यावर तुहं नाव कोरलं हाय. तूच ने घरी. रोज पाहत जा." मग तिने मला उचलले, गालावरचा गोंद अंगठ्याने चाचपला आणि आपल्या ओढणीत गुंडाळले आणि आपले बाकीचे सैनिकही पिशवीत भरले.

परत जाताना पार्वताबाई बसस्टँडकडे न वळता भांड्यांच्या दुकानात शिरल्या. तिथे नत्थुजी भांड्यांवर मशीनने नाव घालून देतात.

"आई, इथं कायले?" रागिणीने विचारले.

"पंगतीत गेलेला भाताचा गंज बी नाव पाहून वापस येते घरी. तुह्या हत्तीवर काहून नाही नाव?"

मी ज्यावर उभा आहे, ती डब्याच्या झाकणाची पत्र्याची चकती आहे; सैनिकांखालीही तशाच लहान चकत्या आहेत. नत्थुजींनी मला उलटे धरले, चकती पाहिली आणि सवयीने विचारले, "नाव कोनाचं टाकू? देवरावचं?"

"देवरावनं केला का हा?" पार्वताबाई म्हणाल्या. "रागिणी लिहा. अन् हे बाकीचे शिपाई बी घ्या. एकालेही सोडू नोका."

मशीनची सुई टर्र करीत फिरली. पायापासून सोंडेपर्यंत माझे सगळे अंग हादरले, हौदा खिळखिळा झाला. तरीही मी आनंदाने ते सोसले. घरी आल्यावर रागिणीने हौदा घट्ट केला, तिरपा सुळा काढून नवा बसवला आणि पार्वताबाई शेजारी बसून, उजेड सोडून, तिचे हात पाहत राहिल्या.

मित्रांनो, माझी हकीकत इथे संपते, पण राग संपलेला नाही. अकोल्याच्या त्या निकालात आजही गजेंद्रचेच नाव आहे आणि माझा फोटो त्याच नावाखाली फिरतो आहे. म्हणून तुम्हाला हात जोडून, म्हणजे सोंड जोडून, विनंती करतो. आमच्यासारख्या वस्तूंना पडू देऊ नका, पाण्याच्या बाटलीखाली दाबू नका, मोडलेले घाईने चिकटवू नका, हे तर आहेच. पण सुळा मोडला तर नवा करता येतो. काही सुंदर दिसले की ते कोणी केले, हे विचारा, आणि एक प्रश्न विचारून थांबू नका. आणि तुम्हालाच कोणी विचारले, तर करणाऱ्याचे नाव मोठ्याने सांगा. तो समोर उभा असेल तेव्हा तर सांगाच. पण तो तिथे नसेल, दूर कुठे वावरात फुले तोडत असेल, तेव्हा तर नक्कीच सांगा.