चिठ्ठीत निघालेली जागा

केसरबाईंनी नवऱ्याचा, किसनरावांचा फोटो खिळ्यावरून काढला, पदरानं पुसला आणि गोधडीत गुंडाळला. दारात पुतण्या संघपाल ट्रॅक्टर-ट्रॉली लावून उभाच होता.

जुनं गाव धरणात गेलं, तेव्हा नव्या गावठाणात प्लॉट कसे वाटायचे यावर मोठी सभा झाली होती. बौद्धांची वस्ती पुन्हा गावाबाहेर नको, सगळ्यांच्या चिठ्ठ्या टाका, म्हणून किसनराव हट्टाला पेटले. आयुष्यभर कुणाला वाकडं न बोललेला माणूस, पण त्या दिवशी पुनर्वसनाच्या साहेबांसमोर टेबलावर हात आपटून बोलला. चिठ्ठ्या निघाल्या, सगळं गाव पत्त्यांसारखं पिसलं गेलं. आणि मग लोकांनी गुपचूप अदलाबदल करून जातीजातीच्या जुन्याच गल्ल्या पुन्हा जुळवल्या. किसनराव तेवढे हलले नाहीत.

ते वारले आणि केसरबाई एकट्या उरल्या. एका बाजूला रिकामा प्लॉट, दुसऱ्या बाजूला अन्नपूर्णाबाईंची भिंत. त्या भिंतीपलीकडून वर्षभरात फोडणीचा वास तेवढा आला, शब्द एकही नाही. बाईचा जीव अगदी मेटाकुटीला आला होता.

"काकू, चाल ना वं," संघपाल म्हणाला. "तिकडं आपले सारे हायेत. सुभद्रामाय चहा मांडून बसली तुह्यासाठी."

"अन् या जागेत कोन येनार?"

"याच ओळीतल्या नारायणरावाचा भाऊ. त्याले त्याच्या लोकायजवळ पाह्यजे."

"म्हंजे या ओळीत आपलं कोनीच नाही राह्यत."

"नाही राह्यत. पन तू काऊन एकटी मरतं इथं?"

केसरबाई गोधडीवर हात ठेवून बसून राहिल्या. खरं तर त्यांना जायचं होतं. सुभद्राबाईंच्या चहाच्या नुसत्या विचारानं डोळे भरून येत होते. मग त्यांनी गोधडी उलगडली आणि फोटो पुन्हा खिळ्याला अडकवला.

"तू जाय, बापू."

संघपाल चिडला, बडबडला आणि रिकामी ट्रॉली खडखडवत निघून गेला. केसरबाई ओट्यावर येऊन बसल्या आणि पदर तोंडात धरून रडल्या. किसनरावांचा रागही आला. टेबलावर हात आपटून माणूस मोकळा झाला, निभावायचं मात्र बायकोनं.

"सामान नाही गेलं का तुमचं?"

भिंतीवरून अन्नपूर्णाबाईंचं डोकं वर आलं होतं.

"नाही. मी इथंच राह्यतो."

डोकं खाली गेलं. भांडी वाजली. थोड्या वेळानं ते पुन्हा वर आलं.

"मंग ते भिंतीपाशचं गवत तं काढा. साप निघते तिथून."

केसरबाईंनी डोळे पुसले आणि विळा शोधायला आत गेल्या.