पहिला नंबर माझा

जमना मिरचीचा मेसेज सगळ्यात आधी मला पाठवायची. तिच्या गिऱ्हाइकांच्या यादीत पहिला नंबर माझा होता. ती पुढच्या खोलीत बसून फोनमध्ये बोलायची. मी मागे खाटेवर बसून ऐकायचो आणि खाली लिहायचो, 'ठीक शे.' मग ती तोच मेसेज बाकी लोकांना पाठवायची.

एकदा मी म्हटलं, मी घरातच आहे, समोर येऊन सांग ना. ती म्हणाली, "तोंडवर तुम्ही नुसतं हो म्हनतस. फोनवर खरं सांगतस."

आमचं गाव प्रकाशा. दोन एकर मिरची. शेताच्या मागे आमची पथारी आहे, म्हणजे मिरची वाळवायची मोकळी जागा. तिथे मिरची पसरायची, बायका देठ खुडायच्या, मग जमना तिखट कुटून नाशिक-पुण्यापर्यंत पाठवायची. आयुष्यभर मिरचीत राहिली, त्यामुळे तिला कायम ठसका यायचा. तिच्या प्रत्येक मेसेजच्या सुरुवातीला आधी ठसका, मग "मी जमनाबाई." एका वर्षी पथारीवर अवकाळी पाऊस पडला आणि मिरचीचा रंग उतरला. तिने मेसेज केला, "यंदा माल चांगला नही. मन्हाकडथून घेऊ नका." मी म्हटलं, असं कोण सांगतं. तिने ऐकलं नाही. त्या दिवशी मी 'ठीक शे' लिहायला अर्धा तास लावला. ती तोवर थांबली होती.

ती पोळ्याच्या आदल्या दिवशी गेली. चहा ठेवता ठेवता खाली बसली आणि उठली नाही.

गावाला कळलं, नातेवाइकांना कळलं. यादीतल्या दूरच्या गिऱ्हाइकांना आम्ही कळवलं नाही. आधी सुचलं नाही, मग राहून गेलं. ती चूक माझी.

मुलगा भाग्येश आणि सून रुचिका लोणखेड्याला राहतात. भाग्येश तिथल्या कॉलेजच्या ऑफिसात आहे. दिवाळीनंतर मिरचीचा पहिला तोडा झाला, तेव्हा रुचिका म्हणाली, "नाना, आईंचं काम मी चालवते." मला बरं वाटलं. जमनाचा फोन तिच्याकडे गेला. आठ दिवसांनी सकाळी नऊ वाजता माझा फोन वाजला. वर जमनाचं नाव, हिरव्या लुगड्यातला तिचा फोटो. खाली लिहिलं होतं, 'खान्देशच्या मातीतला अस्सल लाल ठसका, आता थेट तुमच्या स्वयंपाकघरात!'

मी रुचिकाला फोन लावला. "हे कोणी लिहिलं गं? निवडणुकीला उभं राहिलंय का कोणी?"

ती हसली. "एआयने लिहिलं, नाना. आपण सांगायचं, ते लिहितं."

त्या मेसेजला कोणी ऑर्डर दिली नाही. पुण्याच्या एका बाईंनी फक्त विचारलं, 'जमनाबाई, तब्येत बरी आहे ना?'

रुचिका हुशार आहे. तिच्या लक्षात आलं की लोक मिरची घेत नव्हते, जमनाचं बोलणं घेत होते. जमनाच्या फोनमध्ये दोनशे एकतीस आवाजी मेसेज होते. गिऱ्हाइकांना पाठवलेले, ओळखीच्या बायांना पाठवलेले, सगळे. तिने पंधरा दिवस बसून ते शब्दाला शब्द लिहून काढले आणि मशीनला दिले. सांगितलं, असंच बोलायचं, जमनाबाई म्हणूनच बोलायचं आणि शेवटी ऑर्डर मागायची. ठसके तिने लिहिले नाहीत. ते कोण लिहील?

पुढच्या मंगळवारी मेसेज आला. 'मी जमनाबाई. आज पथारीवर दुसरा तोडा पसारेल शे. ऊन चांगलं शे. भाग्येशना बाप सकायफाईन तठेच उभा शे, जसा काय मिरची पळी जाई.'

मी खरंच सकाळपासून तिथे उभा होतो. वाचलं आणि घराकडे वळून मी "काय वं" म्हणालो. तोंडातून निघून गेलं. देठ खुडणाऱ्या बायांनी माझ्याकडे पाहिलं आणि माना खाली घातल्या.

त्यानंतर दर मंगळवारी आणि शुक्रवारी मेसेज यायचा. ऑर्डरी वाढल्या. मी नऊ वाजता फोन हातात घेऊन बसायला लागलो, हे मी कबूल करतो. वाचून झालं की माझा अंगठा खाली जायचा, 'ठीक शे' लिहायला. पण आता कोणी माझ्यासाठी थांबत नव्हतं. मला आला त्याच मिनिटाला तो सगळ्यांना गेलेला असायचा.

माघात एक मेसेज आला. 'दुफारले जिनानी तिसरी पायरीवर बसेल शे. आठेच वारा लागस.'

आमच्या घराला बाहेरून जिना आहे. तिसऱ्या पायरीवर जमना बसायची, मी खाली ओट्यावर. ही गोष्ट सांगण्यासारखी नाही, म्हणून कोणाला सांगितलेली नाही. मी लोणखेड्याला जाऊन जमनाचा फोन घेऊन आलो आणि तीन दिवस दोनशे एकतीस मेसेज ऐकले. पायरी कुठेच नव्हती.

फोन परत देताना मी रुचिकाला विचारलं.

"नाना, ते बनवून लिहितं. घर म्हटलं की जिना आला, जिना म्हटलं की पायरी आली."

"तिसरीच का?"

"पाचवी लिहिली असती तर पाचवी का, असं विचारलं असतं तुम्ही."

ते बरोबर होतं. पण ऐकताना मला दुसरीच गोष्ट सापडली होती, ती मी तिला सांगितली नाही. जमनाचं एक वाक्य मला फार आवडायचं. 'मिरची रागे भरस, पन रुसत नही.' जमना गेल्यानंतरच्या सहाव्या महिन्याच्या विधीला तिची बहीण फुलवंताबाई आली होती, तिला मी ते सांगितलंही होतं. बघ, तुझी बहीण कशी बोलायची. फुलवंताबाईने डोळे पुसले. तीन दिवस मी त्या वाक्याची वाट पाहत होतो. ते आलंच नाही. ते जमना कधी बोललीच नव्हती. मशीनने नाताळाच्या सुमाराला लिहिलं होतं.

मला भीती वाटली ती तेव्हा. जमनाचं म्हणून जे माझ्या डोक्यात आहे, त्यातलं तिचं किती आणि नंतर आत आलेलं किती? चाळीस वर्षांचा संसार. माझ्याकडे तिचं बोलणंच काय ते उरलं होतं आणि त्यात दर मंगळवारी, शुक्रवारी भेसळ होत होती.

मी रुचिकाला म्हटलं, "बंद कर आता हे."

"सीझन संपू द्या, नाना." तिने जमनाचा फोन पुसून चार्जिंगला लावला. "मलाही बरं वाटतं. मेसेज तयार झाला की वाटतं, आई स्वयंपाकघरातून ओरडून सांगतायत."

मी परत आलो.

होळीला आठ दिवस होते. मी दुपारी शेतातून घरी आलो, तर जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर एक बाई बसली होती. डोक्यावरून पदर, पाठ माझ्याकडे. माझे पाय फाटकातच थांबले. तिने वळून पाहिलं तेव्हा कळलं, मोलगीची नानीबाई. जमना दर वर्षी मोलगीच्या बाजारात तिच्याकडून आंबोशी घ्यायची, वाळवलेल्या कैरीच्या फोडी. दोघींचं चांगलं जमायचं. नानीबाईची घरची भाषा वेगळी, पण आमची अहिराणी ती अडखळत बोलते.

"जमना कठे शे?" तिने विचारलं.

"बसा. पानी आनस."

"पानी मंग दे. पहिले तिले बलाव. तिनी बलावं म्हनीसन उनू मी. जीपमा उभी ऱ्हाईसन उनू."

मी ओट्यावर बसलो. "नानीबाई, जमना गयी. पोळाले गयी."

ती हलली नाही. मांडीवर कापडाचं गाठोडं होतं, त्यावर दोन्ही हात होते.

"शुक्रवारले तिनी माले बलावं," ती म्हणाली. "सून वाची दावत होती. रिना. बहीन, तुन्ही वाट देखस, येस ना घर, येवाना वखतले आंबोशी लई येस. असं सांगं तिनी."

तो मेसेज मलाही आला होता. सगळ्यांनाच गेला होता. आंबोशीचं वाक्य जमनाने तिला पूर्वी कधी तरी पाठवलेलं होतं, ते मी ऐकलं होतं. मशीनने जुन्या मेसेजच्या ढिगातून उचललं असणार.

"ती पोळाले गयी," नानीबाई हळू म्हणाली, "तं माले कोनी बलावं?"

"मशीननी."

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. मी थट्टा करतो का ते बघत होती. "मशीनले मन्ही आंबोशी कसाले पाहिजे?"

मी उठून पाणी आणलं.

ती घरात आली नाही, जेवली नाही. पाणी प्यायली तेही फाटकाबाहेर जाऊन. गाठोडं पायरीवरच ठेवलं. मी म्हटलं, परत घेऊन जा, नाहीतर पैसे घ्या. ती म्हणाली, "जेनी मांगी, तेले दे." आणि एसटी स्टँडकडे चालू लागली. मागे वळून पाहिलं नाही. आपल्याला कोणी बोलावलं हे माहीत नसलं की माणूस असंच जात असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ते गाठोडं लोणखेड्याला नेलं आणि रुचिकासमोर ठेवलं. सगळं सांगितलं. तिने गाठ सोडली, एक फोड हातात घेतली, परत ठेवली.

मी म्हटलं, "तुझ्या मशीनला लिहायला सांग, जमना गेली म्हणून."

तिने टाइप केलं. उत्तर लगेच आलं. ती मोठ्याने वाचायला लागली आणि मध्येच थांबली. मी फोन घेऊन पुढचं वाचलं. 'मी जमनाबाई. पोळाले मी गयी, पन मन्ही चव कोठेच गयी नही. होळीले दोन किलोवर पाव किलो फुकट.'

"थांबा," ती म्हणाली, "मीच आधी सांगून ठेवलंय ना ऑर्डर मागायला." तिने पुन्हा लिहिलं, विकायचं नाही, फक्त कळवायचं. मशीनने माफी मागितली आणि लिहिलं, 'मी आते नही. वरथून तुम्हले सगळासले देखस. मन्हा हातना शेवटला माल थोडाच ऱ्हायना शे.'

रुचिकाने फोन पालथा ठेवला. "नाना, आई एकदा म्हणाल्या होत्या, घेऊ नका. हे तसं म्हणतच नाही हो. काहीही सांगितलं तरी."

"नाही म्हणणार. त्याला काय, रंग उतरलेली मिरची आणि चांगली मिरची सारखीच."

मी जमनाचा फोन घेऊन घरी आलो. दुपारचे दोन वाजले होते. पथारीवर कोणी नव्हतं, तिखटाच्या खोलीला कुलूप होतं. मी तिसऱ्या पायरीवर बसलो, बटण दाबून धरलं आणि बोललो.

"मी हिंमतराव. जमनाबाईना घरवाला. जमना पोळाना आदला दिनले गयी. दिवाळीफाईन जे मेसेज उनात, त्या तिना नहीत. सांगाले उशीर व्हयना, चूक मन्ही शे. यंदानी मिरची बरी शे, पन तिना हातनी नही. जेले नको, त्यासनी घेऊ नका."

सवयीने मी तो आधी पहिल्या नंबरला पाठवला. माझ्या खिशात फोन वाजला. वर तिचं नाव, तिचा फोटो. मी तो कानाला लावला.

आधी ठसका. मग माझा आवाज, "मी हिंमतराव."

मी खोकलो नव्हतो. तीन वेळा ऐकलं. बारीक, कोरडा, दोनदा आलेला ठसका आणि त्यानंतर श्वास घ्यायला जेवढं थांबावं लागतं तेवढं थांबणं. रुचिकाला नंतर ऐकवलं, तर ती म्हणाली, मिरचीचं घर आहे नाना, तुम्हालाच आला असेल. असेल.

मी त्या वेळी पायरीवरून उठून ओट्यावर जाऊन बसलो. पायरी रिकामी ठेवली. माझ्या फोनवर लिहिलं, 'ठीक शे.' मग तिच्या फोनवरून तो मेसेज सगळ्यांना पाठवला.