मान मोकळी

दाढी आटोपली, की थोरला गिऱ्हाइकाच्या हनुवटीखाली एक तळवा धरायचा, दुसरा डोक्यामागे ठेवायचा आणि माणूस बेसावध होताच मान कटकन वळवायचा. "झाली मोकळी," म्हणायचा. त्या एका आवाजासाठी लोक चार दुकानं ओलांडून यायचे. धाकट्याचं नाव मात्र वस्तऱ्यासाठी होतं. त्याचा उजवा हात गालावरून फिरू लागला, की गिऱ्हाइकाचा डोळा लागे.

तो हात हळूहळू परका होत गेला. आधी तर्जनीला मुंग्या, मग अंगठा बधिर, मग एका म्हाताऱ्याच्या कानाखाली रक्ताची बारीक रेघ. कामाचं नाव काढलं की आमच्या धाकट्या सरकारांचा हात झोपतो, असं थोरला चारचौघांत सांगू लागला.

मणक्यांच्या सर्जननी एमआरआयच्या फिल्मवर बोट टेकवलं. मानेतल्या सांध्यातून फुगून आलेली, पाण्याने भरलेली, वाटाण्याएवढी गाठ हाताच्या नसेवर बसली होती. वेळेत काढली तर हात परत येईल. तोवर मानेला हिसका नको, असं त्यांनी दोघा भावांना बजावलं.

घरी थोरला हसला. एवढ्याशा वाटाण्यासाठी मानेवर सुरी कशाला? गावच्या माना मोकळ्या केल्या, आता घरचीच अडून बसली होय. धाकटा नको म्हणत राहिला. पण बापामागे ज्याने वाढवलं, त्याच्यापुढे त्याचं 'नको' कधीच पुरं पडलं नव्हतं. थोरल्याने त्याला दुकानातल्या खुर्चीत दाबून बसवलं. कटकन आवाज झाला. खांद्यापासून बोटांपर्यंत वीज सळसळली आणि हात ओल्या टॉवेलसारखा मांडीवर पडला.

सर्जननी त्याच संध्याकाळी मागून मान उघडली, सूक्ष्मदर्शकाखाली हाडाची कड घासून वाट केली आणि नसेला चिकटलेली गाठ सोडवली. आत पाणी नव्हतं, रक्त होतं. धाकटा शुद्धीवर आल्यावर त्यांनी विचारलं, मानेला कुणी हिसका दिला का?

त्याचे ओठ उघडण्याआधी थोरला बोलला, "पलंगावरून पडला, डॉक्टर. लहानपणापासूनच वेंधळा आहे."

वेदना गेली. खांदा उचलला जाऊ लागला, कोपरही वळू लागलं. बोटं मात्र परतली नाहीत. वर्ष उलटलं तशी सर्जननीही आशा आवरती घेतली. धाकट्याच्या खुर्चीमागे नवा कारागीर उभा राहिला आणि धाकट्याच्या वाट्याला टॉवेल वाळत घालणं आलं. दुकानात कटकन आवाज होतच राहिला. प्रत्येक वेळी त्याच्या हातून टॉवेल निसटे.

एका रिकाम्या दुपारी थोरल्याची मान अवघडली. तो खुर्चीत डोळे मिटून टेकला होता. हनुवटीखाली तळवा आला, तेव्हा त्याने डोळे उघडले. आरशात, त्याच्या मागे, धाकटा उभा होता.

"हात काढ."

"का रे दादा? मोकळी करून देतो."

"काढ म्हणतो ना. लुळा पडेन मी."

"म्हणजे तुला माहीत होतं."

धाकट्याच्या डाव्या तळव्याला थोरल्याचं आवंढा गिळणं कळत होतं. डोक्यामागे टेकवलेल्या उजव्याला काहीच कळत नव्हतं. ना केस, ना ऊब, ना आपण किती जोर लावला आहे ते. धाकटा न हलता थांबला. माणूस बेसावध झाला की मगच वळवायची, हे दादानेच शिकवलं होतं.