उजवा हात नसलेली खुर्ची

मी एक खुर्ची बोलतेय. मला उजवा हात नाही. घाटकोपरच्या एका कॉलेजात, जिन्याखाली, फाटक्या नकाशांच्या शेजारी सध्या माझा मुक्काम आहे. तक्रार नाही. कोण कोण माझ्यावर बसून गेलं ते आठवलं की वेळ बरा जातो.

मुलुंडच्या एका सुताराने मला सागवानातून घडवलं, तेही प्राचार्यांच्या खोलीसाठी, हे सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. तिथे एका वजनदार पाहुण्याने उठताना सगळा भार माझ्या उजव्या हातावर टाकला. हात निखळला आणि माझी रवानगी बी.ए.च्या वर्गात झाली. ही पंच्याऐंशी सालची गोष्ट.

त्या वर्गाला वनमालाबाई समाजशास्त्र शिकवायच्या. कुटुंबाविषयीचे सरकारी नियम हा त्यांचा जिव्हाळ्याचा विषय. पोरं नोट्स मागायची, बाई प्रश्न द्यायच्या. त्यांनी मला फळ्याजवळ ठेवलं आणि एक रीत पाडली. माझ्यावर जो बसेल त्याने आपल्याला न पटणारी बाजू मांडायची, तीही मनापासून. बायकांनी नोकरी करू नये म्हणणाऱ्या नंदूला एकदा पाळणाघरांची बाजू मांडावी लागली. उठला तेव्हा बिचारा घामाघूम झाला होता.

त्याच वर्गात मानखुर्दची शकु होती. तिचा बाप घर सोडून गेला होता, जाताना रेशनकार्डही घेऊन. आईने स्वतःच्या नावाचं कार्ड मागितलं, तर कचेरीतून एकच उत्तर मिळायचं, नवऱ्याची सही आणा. तोवर साखर आणि रॉकेल काळ्या बाजाराच्या भावाने.

एक दिवस बाई म्हणाल्या, "शकु, बस. तू रेशनचा साहेब. नियम कसा बरोबर आहे ते सांग."

"मॅडम, माझ्याच आईविरुद्ध बोलू?"

"साहेब का अडवतो ते तुला कळलं तरच तू त्याला उत्तर देशील ना गं?"

शकु काठावर टेकली. आधी तिने साहेबाची नक्कल केली, वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. मग नक्कल सोडून ती हळूच म्हणाली, "एकाच घरात दोन कार्डं जातील. लोक खोटं सांगतील. चौकशी झाली की मान माझी अडकेल." माझा उरलेला हात तिने घट्ट धरला होता. साहेबाचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं, याचंच तिला वाईट वाटत होतं.

त्यातूनच वर्गाची मागणी ठरली. सही नको, घरी येऊन चौकशी करा, शेजाऱ्यांची साक्ष घ्या. ती ऐकायला रेशन कचेरीतल्या भाऊराव नावाच्या अधिकाऱ्यांना बोलावलं. त्या दिवशी चांगल्या खुर्च्या सभागृहात गेल्या होत्या. नंदूने घाईत मलाच पुसून पुढे केलं आणि साहेब बसले. वर्गात खसखस पिकली.

"काय झालं?" त्यांनी विचारलं.

शकु उभी राहिली. तिने माझी रीत सांगितली. "सर, इथं बसलात तर माझ्या आईची बाजू मांडावी लागेल."

बाई ओशाळल्या. भाऊराव मात्र उठले नाहीत. पोरांची गंमत म्हणून त्यांनी सुरुवात केली, "मी एकटी बाई. साहेब म्हणतात, नवऱ्याची सही आण. अहो, नवरा सापडला असता तर..."

वाक्य तिथेच सोडून ते उठू लागले. उजवा हात टेकायला गेले, तर तिथे काहीच नव्हतं.

"नियम वरून येतो," उठताना ते म्हणाले.

"मग वर हेच सांगा, सर. आत्ता बोललात तसंच," शकु म्हणाली.

नियम त्या वर्षी बदलला नाही. पण भाऊराव स्वतः मानखुर्दला गेले, शेजाऱ्यांशी बोलले आणि त्यांच्या जबाबदारीवर शकुच्या आईला तिच्या नावाचं कार्ड मिळालं.

ती माउली पेढे घेऊन वर्गात आली आणि दमून माझ्यावरच टेकली. नंदूला राहवलं नाही. "मावशी, इथं बसलात. आता काकांची बाजू मांडा."

शकुने त्याच्याकडे रागाने पाहिलं. आईने मात्र रीत समजून घेतली, क्षणभर विचार केला आणि उठून बाकावर जाऊन बसली.

"त्यांची बाजू लग्न झाल्यापासनं मीच मांडत आले, बाबा," ती म्हणाली. "आता पुरे."

माझ्यावर बसून रीत मोडणारी ती एकटीच. पुढे बाई निवृत्त झाल्या, वर्गात नोट्स आल्या, मी जिन्याखाली आले. मला दुरुस्त करू नका. आपलंच खरं वाटू लागलं की धूळ झटकून घटकाभर बसा, एवढंच मागणं. आणि ज्याने जन्मभर दुसऱ्याचीच बाजू मांडली असेल, त्याला मात्र माझ्यावर बसवू नका. त्याला बाक द्या.