मागच्या पानाची जोड

लॅपटॉपच्या पडद्यावर उभी रेघ लुकलुकत होती. बारीक, काळी, एकाच जागी दिसायची, नाहीशी व्हायची, पुन्हा दिसायची... आणि येबोआला वाटलं, हीसुद्धा सिस्टर कोनाडूच्याच बोटांची वाट बघते आहे. सकाळपासून येबोआही त्या बोटांकडेच पाहत होती. खरं तर भांडायला आली होती ती. ट्रोट्रोच्या खच्चून भरलेल्या गाडीत बसल्यापासून, कुमासी शहराची निम्मी धूळ नाकातोंडात जाईपर्यंत, एकेक वाक्य घासूनपुसून तयार ठेवलं होतं; आणि इथे या सावत्र बहिणीशेजारी स्टुलावर बसून मुकाट्याने कौतुक करत होती. स्वतःचाच राग यावा, इतकं कौतुक.

शनिवारी वडिलांचा, आम्पोन्सा मास्तरांचा, अंत्यविधी होता आणि त्याची पुस्तिका आज छापायला जायची होती. अंत्यविधीला आलेली माणसं जेवण विसरतात, भाषणं तर मांडवातच विसरतात, पण पुस्तिका घरी नेऊन कपाटात जपतात, आणि कोणाचं नाव कुठल्या मथळ्याखाली आलं यावर पुढे लग्नाबारशांत कुजबुज चालते. कोनाडूची आई पोकुआ लग्नाची बायको. येबोआच्या आईच्या, सेर्वाच्या, दारी रीतीप्रमाणे लग्न पक्कं करणाऱ्या मद्याच्या बाटल्या घेऊन मास्तरांच्या कुळातली माणसं कधी आलीच नाहीत. मास्तर मात्र येत राहिले — सायकल भिंतीला टेकवून, आधी अंगणातल्या कोंबड्यांची चौकशी करून — आणि ते येणं कुठल्या मथळ्याखाली घालायचं?

कोनाडू विद्यापीठाच्या कचेरीत लोकांचे प्रबंध सजवायची. आज वडिलांचं आयुष्य सजवत होती. जीवनपट, पत्नीची श्रद्धांजली, मुलांची, नातवंडांची, शाळेची... प्रत्येक हेडिंगला तिने पातळी दिली होती, पहिली, दुसरी, तिसरी. आणि एका जागी रंग बदलताच सगळी हेडिंगं एका दमात तांबडी झाली, वर्गात मास्तर शिरल्यावर पोरं उठून उभी राहावीत तशी. किती सुंदर होतं ते! विखुरलेला एवढा मोठा माणूस, त्याचे हट्ट, त्याचा खोकला, त्याची दोन घरं, आणि ही बाई त्याला न ओरडता रांगेत बसवत होती. मग तिने अनुक्रमणिका मागवली आणि ती आपली आपण उमटली. येबोआने वरून खाली वाचली. पुन्हा वाचली.

“माझ्या आईचं नाव नाही यात.”

“नाहीच येणार.”

येबोआच्या ओठांवर ती घासूनपुसून ठेवलेली सगळी वाक्यं आली. पण कोनाडू पडद्यावर बोट ठेवून सांगत होती, “तू तुझ्या आईच्या श्रद्धांजलीची ही ओळ घरून कशी लिहून आणलीस बघ. अक्षर फुगवलंस, ठळक केलंस, मधोमध आणलंस. दिसतं हेडिंगसारखं, पण आत साधी ओळच आहे गं ती. हे हेडिंग आहे असं सांगितल्याशिवाय याला कळत नाही.”

“मग सांग ना!”

“कितव्या पातळीचं?”

अंगणात कुणीतरी जेवणातल्या फुफूच्या गोळ्यांसाठी कसावाचे कंद कुटत होतं. ठक्, ठक्. येबोआला आई आठवली — मास्तर यायचे त्या दिवशी ठेवणीतलं कापड नेसून बसणारी, मधोमध, ठळक. आणि शेजारणी तिच्या पाठीमागे म्हणायच्या, दिसते अगदी बायकोसारखी.

“नानांचा फोन आला होता,” कोनाडू म्हणाली. कुळाचे प्रमुख नाना अप्पिया. “म्हणाले, ती श्रद्धांजली ‘स्नेही आणि हितचिंतक’ खाली टाक.”

“आणि तू?”

कोनाडूने ती ओळ निवडली. ‘पत्नी सेर्वा यांची श्रद्धांजली’ असं लिहिलं, पहिली पातळी दिली, अनुक्रमणिका ताजी केली. पोकुआच्या खाली सेर्वा. समासापासून तेवढ्याच अंतरावर, तितकीच तांबडी.

“नाना तुला कच्ची खातील, सिस्टर.”

“चष्मा सापडला तर ना! सापडेपर्यंत छापून होईल.” ती हसली, मग हसू आवरून म्हणाली, “ओरडतील. सगळ्या पुस्तिका परत करा म्हणतील कदाचित. बघू.”

एवढ्यात बाहेरून पोकुआची हाक आली आणि कोनाडू उठली. “आईला औषध देऊन येते. तेवढ्यात तुझ्या आईच्या पानांच्या माथ्यावरचं हेडर बदल. तिथे अजून माझ्या आईचंच नाव येतंय.”

येबोआने माथ्यावर दोनदा टिचकी दिली, पोकुआचं नाव पुसलं आणि ‘सेर्वा’ लिहिलं. सावकाश, एकेक अक्षर. मग सहज मागचं पान वर सरकवलं आणि ती तिथेच थांबली. काळं-तांबडं कापड पांघरलेल्या मोठ्या आईचा, पोकुआचा, फोटो, तिचे ते जड, थकलेले डोळे, आणि वर, पानाच्या माथ्यावर, सेर्वा. त्याच्या मागच्या पानावरही सेर्वा. पोकुआ कुठेच नव्हती.

आणि येबोआला आनंद झाला. क्षणभरच... पण झाला, लख्ख, पोटातून.

“अगं बाई!” कोनाडू मागे उभी होती. किती वेळ? तिने फोटोकडे पाहिलं, नावाकडे पाहिलं, मग येबोआच्या चेहऱ्याकडे, तिथे तो आनंद अजून पुरता विझला नसणार. येबोआला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

“मागच्या भागाशी जोड असते त्याची,” कोनाडू म्हणाली. आवाज अगदी साधा होता. “ती न तोडता इथे लिहिलं की तिथलं पुसलं जातं. तिथलं पुसायची काही गरज नसते. सरक.”

तिने जोड तोडली, मागे गेली, आपल्या आईचं नाव पुन्हा लिहिलं. आता इथे सेर्वा होती, तिथे पोकुआ. ही बाई मला ओरडली का नाही, येबोआच्या मनात आलं. मी असते तर लॅपटॉप मिटून टाकला असता.

“बघ, आलं तुझ्या आईचं नाव. पाठवू छापायला?”

“थांब जरा,” येबोआ म्हणाली.

आईचं पान समोरच होतं. त्यासाठीच तर ती आली होती. पण तिने पानं मागे सरकवली, मोठ्या आईच्या फोटोपाशी थांबली, आणि माथ्यावरचं ते परत आलेलं नाव वाचत राहिली... पुन्हा पुन्हा, ते नीट आहे ना, याची खात्री पटत नसल्यासारखी.